एकसमान विद्युतक्षेत्राची निर्मिती : एका प्रायोगिक संकल्पनेचा ऐतिहासिक मागोवा

१. प्रस्तावना

पदार्थविज्ञानाच्या कनिष्ठ महाविद्यालयीन पाठ्यपुस्तकात एक आकृती हमखास आढळते. दोन समांतर धातुपट्ट्या, एकीवर धनचिन्हे, दुसरीवर ऋणचिन्हे आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या सरळ, समांतर व समान अंतरावरील बलरेषा. या आकृतीखाली बहुधा एक वाक्य असते : ‘कडेचा परिणाम येथे दुर्लक्षिला आहे.’ विद्यार्थी हे वाक्य वाचून पुढे जातो, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नाही. विज्ञानाच्या इतिहासाकडे पाहिले असता मात्र असे दिसते की, या दुर्लक्षिलेल्या कडेवर विजय मिळविण्यासाठी शास्त्रज्ञांनी दोन शतकांहून अधिक काळ श्रम केले. प्रकाश ही विद्युतचुंबकीय घटना आहे हे अनुमान, इलेक्ट्रॉनचा शोध, विद्युतप्रभाराच्या मूळ एककाचे मापन आणि अणूच्या अंतर्रचनेविषयीचे पुरावे हे सारे कोठे ना कोठे अशा एकसमान क्षेत्राच्या निर्मितीवर अवलंबून होते. क्षेत्र एकसमान आहे असे गृहीत धरले आणि ते तसे नव्हते, तेव्हा थोर शास्त्रज्ञांचेही निष्कर्ष चुकले.

ज्या क्षेत्राची तीव्रता व दिशा प्रत्येक बिंदूपाशी सारखीच असते, त्यास एकसमान विद्युतक्षेत्र म्हणतात. निसर्गात असे क्षेत्र सहसा आढळत नाही. प्रभारित गोलाचे क्षेत्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होत जाते, तर प्रभारित तारेचे अंतराच्या व्यस्त प्रमाणात. निरभ्र दिवशी सपाट मैदानावर असणारे वातावरणीय विद्युतक्षेत्र, म्हणजे दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट, हा एक जवळचा अपवाद म्हणता येईल. परंतु तेथेही एखादे झाड किंवा घर आले की क्षेत्ररेषा वाकतात. तात्पर्य, एकसमान क्षेत्र मनुष्याला घडवावे लागते. ते कसे घडविले गेले, त्यात कोणत्या अडचणी आल्या आणि प्रत्येक अडचणीच्या निवारणातून कोणते ज्ञान हाती आले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२. पूर्वपीठिका : कुपीपासून पट्टीपर्यंत

विद्युतप्रभार साठविण्याचे पहिले साधन म्हणजे लायडन कुपी. १७४५-४६ मध्ये एवाल्ड फॉन क्लाइस्ट आणि लायडन येथील पीटर व्हान मुसेनब्रूक यांनी ती स्वतंत्रपणे शोधली. काचेच्या बरणीच्या आतबाहेर वाहक पदार्थ असला की प्रभार साठतो, एवढे तेव्हा कळले होते. परंतु बरणीच्या आकाराला या घटनेत काही महत्त्व आहे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. बेंजामिन फ्रँकलिन याने १७४९ च्या सुमारास बरणीऐवजी खिडकीची सपाट काच घेतली आणि तिच्या दोन्ही बाजूंस शिशाचे पत्रे लावले. अशा अकरा काचा एकत्र जोडून त्याने आपली विद्युत ‘बॅटरी’ तयार केली. समांतर पट्ट्यांच्या धारित्राचा हा आरंभ होय. त्यानंतर काही वर्षांतच बर्लिन येथे एपिनस आणि विल्के यांनी काच काढून टाकून दोन मोठ्या पट्ट्यांमध्ये केवळ हवा ठेवली, आणि तरीही प्रभार साठतो हे दाखविले. दोन पट्ट्या आणि मधली मोकळी जागा ही पुढील सर्व उपकरणांची मूळ मांडणी अशा रीतीने अठराव्या शतकाच्या मध्यावरच सिद्ध झाली होती.

तथापि या मंडळींचे लक्ष पट्ट्यांवर साठणाऱ्या प्रभाराकडे होते, मधल्या जागेकडे नव्हते. कडेचा प्रश्न प्रथम ज्याच्या ध्यानी आला तो हेन्री कॅव्हेंडिश. १७७० च्या दशकात काचेच्या पट्ट्यांची धारकता मोजताना त्याला जाणवले की, प्रभार धातूच्या पत्र्याच्या सीमेवर थांबत नाही, तो काचेच्या पृष्ठावर थोडा बाहेर पसरतो. या पसरण्याचा हिशेब आपल्या गणितात धरण्याची दक्षता त्याने घेतली. पण एकान्तप्रिय कॅव्हेंडिशने हे काम प्रसिद्धच केले नाही. त्याची टिपणे जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने संपादित करून १८७९ मध्ये प्रकाशात आणली. तोवर शंभर वर्षे उलटून गेली होती.

मधल्या जागेला स्वतंत्र अस्तित्व दिले ते मायकेल फॅरेडे याने. बलरेषांच्या त्याच्या कल्पनेमुळे ‘पट्ट्यांमध्ये काय चालले आहे’ हा प्रश्न अर्थपूर्ण झाला. येथे एक गोष्ट लक्षणीय आहे. निरनिराळ्या पदार्थांचा विद्युतप्रवर्तनावर होणारा परिणाम १८३७ मध्ये तपासताना फॅरेडेने सपाट पट्ट्यांवर भिस्त ठेवली नाही; त्याने एकात एक बसविलेले दोन समकेंद्री गोल वापरले. गोलाला कड नसते. कडेपासून सुटका करून घेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग होता. परंतु त्याची किंमत अशी की, गोलांमधील क्षेत्र एकसमान राहत नाही. कड नको असेल तर एकसमानता सोडावी लागते आणि एकसमानता हवी असेल तर कड पत्करावी लागते, असा हा पेच होता.

३. केल्व्हिनचे रक्षक वलय

हा पेच सोडविला विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून ख्यातकीर्त झालेल्या ग्लासगोच्या प्राध्यापकाने. त्याच्यापुढील प्रश्न मापनाचा होता. विद्युतविभव मोजणारी तत्कालीन उपकरणे केवळ तुलना करीत. एका उपकरणावरील वाचनाचा दुसऱ्यावरील वाचनाशी संबंध नसे. स्नो हॅरिस याने १८३४ मध्ये दोन तबकड्यांमधील आकर्षण तराजूने तोलण्याची पद्धत मांडली होती. तत्त्वतः ही पद्धत उत्तम होती, कारण एकसमान क्षेत्रातील तबकडीवरचे बल हे तबकडीचे क्षेत्रफळ, विभवांतराचा वर्ग आणि पट्ट्यांमधील अंतराचा वर्ग यांवरून सरळ काढता येते. क्षेत्रफळ व अंतर मोजपट्टीने कळते, बल वजनाने कळते. मग विभवांतर आपोआपच निश्चित होते. त्यासाठी दुसऱ्या कोणत्याही विद्युत उपकरणाची गरज उरत नाही. अडचण एकच होती. तबकडीच्या कडेला प्रभार दाटीने गोळा होतो, तेथील बलरेषा बाहेर फुगतात, आणि सूत्रातील ‘क्षेत्रफळ’ नेमके किती घ्यावे हे सांगता येत नाही.

केल्व्हिनने काढलेला तोडगा आज वाचताना अगदी सहज सुचण्याजोगा वाटतो. त्याने मोठ्या तबकडीचा मध्यभाग गोलाकार कापून वेगळा केला. मधली लहान तबकडी तराजूला टांगली आणि भोवतालचे रुंद वलय स्थिर ठेवले. दोहोंमध्ये केवळ बारीक फट राहिली. तबकडी आणि वलय एकाच विभवाला जोडलेले असल्यामुळे विद्युतक्षेत्राच्या दृष्टीने ते एकच अखंड पृष्ठ होते. कडेची सारी विकृती वलयाच्या बाहेरच्या काठावर गेली. मधल्या तबकडीसमोरचे क्षेत्र एकसमान राहिले. तराजू मात्र फक्त मधल्या तबकडीवरील बल तोलत होता. कड नष्ट झाली नव्हती. ती जेथे मोजमाप होत नाही अशा ठिकाणी हलविली गेली होती. या वलयास ‘रक्षक वलय’ असे सार्थ नाव मिळाले.

या निरपेक्ष विद्युतमापीचे विवेचन केल्व्हिनने १८६७ मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे सादर केलेल्या विद्युतमापींवरील अहवालात विस्ताराने केले. खालची पट्टी सूक्ष्ममापी स्क्रूने वरखाली होत असे. टांगलेली तबकडी वलयाच्या नेमक्या पातळीत आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी एक केस दोन ठिपक्यांच्या मधोमध येतो काय, हे भिंगातून न्याहाळले जाई. तबकडी पातळीच्या किंचितही वर वा खाली असली तर क्षेत्राची एकसमानता बिघडते. म्हणून एवढा खटाटोप.

या उपकरणाचे खरे महत्त्व मॅक्सवेलच्या प्रयोगात प्रकट झाले. विद्युतप्रभाराची स्थिरविद्युत एकके आणि विद्युतचुंबकीय एकके यांचे गुणोत्तर हा एक वेग असतो. वेबर व कोलरॉश यांनी १८५६ मध्ये तो सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर इतका काढला होता. प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहर होय असे मॅक्सवेल म्हणत होता. तेव्हा हे गुणोत्तर प्रकाशाच्या वेगाएवढे भरले पाहिजे, हा त्याच्या सिद्धान्ताचा कसोटीचा दगड होता. १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात त्याने दोन तबकड्यांमधील विद्युत आकर्षण आणि त्यांच्या पाठीशी बसविलेल्या वेटोळ्यांमधील चुंबकीय प्रतिकर्षण एकमेकांविरुद्ध तोलले. त्यासाठी गॅसिओट यांच्या २,६०० घटांच्या बॅटरीचा उपयोग केला आणि तबकडीभोवती अर्थातच रक्षक वलय ठेवले. उत्तर आले सेकंदाला सुमारे २,८८,००० किलोमीटर. फूको याने १८६२ मध्ये मोजलेला प्रकाशवेग सुमारे २,९८,००० किलोमीटर होता. दोन्ही आकड्यांत तफावत होती, तरी पूर्णतः भिन्न स्वरूपाच्या दोन प्रयोगांतून इतके जवळचे आकडे यावेत ही बाब विचारवंतांना स्तिमित करणारी होती. प्रकाशाच्या स्वरूपाविषयीचा एवढा मोठा सिद्धान्त काही काळ एका धातूच्या वलयाच्या आधारावर उभा होता, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

४. कडेचे गणित

मॅक्सवेल प्रयोगावर थांबला नाही. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या विद्युत व चुंबकत्वावरील आपल्या महाग्रंथात त्याने दोन अर्ध-अनंत समांतर पट्ट्यांच्या कडेपाशी बलरेषा कशा वाकतात याचे नेमके गणित दिले आणि त्याचे सुबक चित्रही जोडले. या गणितावरून प्रयोगकर्त्याला अतिशय उपयुक्त असे आकडे काढता येतात. पट्ट्यांच्या मधोमध असलेल्या प्रतलावर, अगदी कडेच्या रेषेत क्षेत्राची तीव्रता आतील तीव्रतेच्या सुमारे ७८ टक्के असते. दोन पट्ट्यांमधील अंतराच्या निम्म्याइतके आत गेले की उणीव सुमारे दीड टक्का उरते. पूर्ण अंतराइतके आत गेले की ती एक सहस्रांशाहूनही कमी होते. म्हणजे कडेचा परिणाम घातांकी वेगाने ओसरतो. पट्ट्या अनंत असण्याची मुळीच आवश्यकता नाही; मधल्या अंतराच्या मानाने त्या पुरेशा रुंद असल्या म्हणजे झाले.

हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे, तसाच इशारा देणाराही आहे. ज्या उपकरणात पट्टीची रुंदी आणि मधले अंतर जवळपास सारखेच असते, तेथे ‘विभवांतर भागिले अंतर’ हे शालेय सूत्र वापरणे म्हणजे जाणूनबुजून दोष पत्करणे होय. प्रयोगकर्त्यांना असा दोष अनेकदा पत्करावा लागला. त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आता पाहू.

५. हर्ट्झचा नकार आणि टॉमसनचा होकार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅथोड किरणांच्या स्वरूपाविषयी मोठा वाद चालू होता. ते ईथरमधील तरंग आहेत असे बहुतेक जर्मन शास्त्रज्ञांचे मत होते. ते ऋणप्रभारित कण आहेत असे ब्रिटिश शास्त्रज्ञ मानीत. कण असतील तर विद्युतक्षेत्रात त्यांचे विचलन झाले पाहिजे. १८८३ मध्ये हाइनरिख हर्ट्झ याने हे किरण नळीतील दोन समांतर पट्ट्यांमधून सोडले आणि पट्ट्यांना बॅटरी जोडली. किरण जराही वळले नाहीत. यावरून किरणांवर प्रभार नसावा असा निष्कर्ष त्याने काढला. हर्ट्झ हा सामान्य प्रयोगकर्ता नव्हता. विद्युतचुंबकीय लहरींचे अस्तित्व पुढे त्यानेच सिद्ध केले. त्यामुळे त्याच्या या नकारार्थी प्रयोगाचे वजन मोठे होते आणि वाद आणखी चौदा वर्षे रेंगाळला.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. टॉमसन याने (केल्व्हिनशी केवळ मूळ आडनावाचे साम्य) हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा आरंभी त्यालाही विचलन दिसले नाही. ही गोष्ट त्याने आपल्या १८९७ च्या निबंधात स्पष्टपणे नमूद केली आहे. परंतु त्याने निराळा प्रश्न विचारला. पट्ट्यांमध्ये क्षेत्र खरोखरच आहे काय? नळीत उरलेल्या विरळ वायूला कॅथोड किरण विद्युतवाहक बनवितात. वाहक झालेल्या वायूतील धन कण ऋणपट्टीकडे व ऋण कण धनपट्टीकडे सरकतात आणि पट्ट्यांवरील प्रभाराचा परिणाम जणू झाकून टाकतात. मग बॅटरीचे सारे विभवांतर पट्ट्यांच्या लगतच्या पातळ थरांत संपते आणि मधल्या विस्तृत जागेत, जेथून किरण जातात तेथे, क्षेत्र जवळजवळ उरतच नाही. हर्ट्झच्या पट्ट्या समांतर होत्या, बॅटरी जोडलेली होती, तरीही अपेक्षित असलेले एकसमान क्षेत्र तेथे नव्हते.

टॉमसनने नळी अधिकाधिक निर्वात केली आणि किरण वळू लागले. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या सुमारे ५ सेंटिमीटर लांब व २ सेंटिमीटर रुंद होत्या आणि त्यांच्यामध्ये १.५ सेंटिमीटर अंतर होते. विचलन विभवांतराच्या प्रमाणात होते आणि केवळ २ व्होल्ट विभवांतरालाही ते ओळखता येत होते. वायूचा दाब थोडा अधिक असला तर बॅटरी जोडताच प्रकाशाचा ठिपका हाले आणि मग हळूहळू पूर्वीच्या जागी परत येई, असेही त्याला दिसले. त्या परतणाऱ्या ठिपक्यात हर्ट्झच्या अपयशाचे सारे रहस्य सामावले होते : क्षेत्र प्रथम निर्माण होई आणि नंतर वायू ते पुसून टाकी.

आता वरील मापांकडे कडेच्या गणिताच्या दृष्टीने पाहू. रुंदी २ आणि अंतर १.५, म्हणजे किरणमार्गापासून बाजूची कड मधल्या अंतराच्या दोन-तृतीयांश एवढीच दूर होती. टॉमसनने मात्र क्षेत्र पट्टीच्या ५ सेंटिमीटर लांबीपुरते एकसमान आहे आणि तिच्याबाहेर ते शून्य आहे, असे धरूनच हिशेब केला. कणाच्या वस्तुमानाचे प्रभाराशी असलेले गुणोत्तर त्याला आजच्या मान्य मूल्याच्या दुपटीहून अधिक आले. या तफावतीचा सारा दोष कडेवर टाकणे न्याय्य होणार नाही. त्या उपकरणात इतरही उणिवा होत्या. परंतु त्या वेळी प्रश्न दुपटी-तिपटीचा नव्हताच. हायड्रोजनच्या आयनाच्या तुलनेत हे गुणोत्तर हजारपटीच्या घरात लहान होते, आणि एवढ्या प्रचंड फरकापुढे कडेचा दोष नगण्य होता. किती अचूक क्षेत्र पुरेसे आहे, हे आपण कोणता प्रश्न विचारतो यावर ठरते, हा धडा येथे मिळतो.

६. मिलिकनच्या पट्ट्या

प्रभाराचे मूळ एकक किती, हा मात्र अचूकतेचाच प्रश्न होता. एच. ए. विल्सन याने १९०३ मध्ये दोन आडव्या पट्ट्यांमधील जलबिंदूंच्या ढगावर विद्युतक्षेत्र लावून हे एकक मोजण्याचा प्रयत्न केला. परंतु ढगातील थेंब सारखे नसतात, ते पाहता पाहता बाष्पीभवनाने लहानही होतात. शिकागो येथे रॉबर्ट मिलिकन आणि त्यांचे विद्यार्थी-सहकारी हार्वे फ्लेचर यांनी ढगाऐवजी तेलाचा एकच थेंब निवडला. १९०९ पासून सुरू झालेल्या या प्रयोगमालिकेचे परिपक्व रूप १९१३ च्या निबंधात पाहावयास मिळते.

मिलिकन यांच्या पट्ट्यांचा व्यास २२ सेंटिमीटर होता आणि त्यांच्यामधील अंतर १४.९१७४ मिलिमीटर. मिलिमीटरच्या दहासहस्रांशापर्यंत दिलेला हा आकडा वाचकाने क्षणभर निरखून पाहावा. अंतर कायम राखण्यासाठी काचेचे अत्यंत काटेकोर तुकडे पट्ट्यांमध्ये बसविले होते. थेंब वरच्या पट्टीच्या केंद्राजवळील सूक्ष्म छिद्रांतून खाली येई. म्हणजे तो जवळच्या कडेपासून सुमारे ११ सेंटिमीटर, अर्थात मधल्या अंतराच्या सातपटीहून अधिक आत असे. मॅक्सवेलच्या गणितानुसार तेथे कडेचा परिणाम शून्यवतच मानावा लागतो. टॉमसनच्या नळीपासून मिलिकन यांच्या पेटीपर्यंत सोळा वर्षांत झालेली प्रगती या एका प्रमाणावरून मोजता येईल.

अशा क्षेत्रात हजारो व्होल्टच्या साहाय्याने थेंब वर चढे, क्षेत्र काढताच खाली येई, आणि त्याच्यावरील प्रभार बदलला की त्याचा वेग एकदम बदले. हे बदल नेहमी एका ठरावीक राशीच्या पटीत होत. मिलिकन यांनी दिलेले मूल्य स्थिरविद्युत एककांत ४.७७४ गुणिले १० चा उणे दहावा घात असे होते. आजचे मूल्य त्याच एककांत ४.८०३ आहे, फरक सुमारे ०.६ टक्के. हा फरक कोठून आला? क्षेत्राच्या दोषामुळे नव्हे. त्यांनी वापरलेला हवेच्या श्यानतेचा आकडा थोडा कमी होता, ही गोष्ट १९३० च्या दशकात क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या स्वतंत्र मापनांमुळे उघडकीस आली. पट्ट्यांमधील क्षेत्र इतके विश्वासार्ह झाले होते की, दोष शोधणाऱ्यांना तो दुसरीकडे शोधावा लागला. २०१९ मध्ये मापनाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत या मूळ प्रभाराचे मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे एकोणिसावा घात कूलोम असे कायमचे निश्चित करण्यात आले आणि मापनाचा हा अध्याय समाप्त झाला.

७. प्रखर क्षेत्राचा प्रश्न

एकसमानतेबरोबर तीव्रताही हवी असेल तर अडचण दुणावते. चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा विभागतात हे झीमानने १८९६ मध्ये दाखविले होते. मग विद्युतक्षेत्रातही त्या विभागाव्यात अशी अपेक्षा होती. परंतु प्रकाश देणारा वायू हा विद्युतवाहक असतो, आणि वाहकात क्षेत्र टिकत नाही. हर्ट्झला नडलेलाच हा प्रश्न नव्या रूपात उभा होता. आखेन येथे योहानेस श्टार्क याने १९१३ मध्ये त्यावर उपाय योजला. सच्छिद्र ऋणाग्राच्या छिद्रांतून मागे निघणारे धनकिरण त्याने घेतले आणि ऋणाग्राच्या पाठीमागे अगदी जवळ, काही मिलिमीटरवर, दुसरी पट्टी ठेवली. अल्पदाबाच्या वायूत अंतर फार कमी असले की विद्युतविसर्जन सुरूच होऊ शकत नाही. त्यामुळे त्या अरुंद फटीत दर सेंटिमीटरला हजारो व्होल्टचे क्षेत्र टिकून राहिले आणि हायड्रोजनच्या वर्णरेषा विभागलेल्या दिसल्या. एपश्टाइन आणि श्वार्ट्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये पुंज सिद्धान्ताच्या आधारे या विभाजनाचे स्पष्टीकरण दिले. बोरच्या अणुकल्पनेला मिळालेला हा एक भक्कम आधार होता. श्टार्क यास १९१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच शहरातील वाल्टर रोगोव्हस्की याच्यापुढील प्रश्न अभियांत्रिकीचा होता. साधारण दाबाची हवा दर सेंटिमीटरला सुमारे ३०,००० व्होल्टपर्यंत तग धरते आणि मग ठिणगी पडते. ही मर्यादा नेमकी मोजावयाची तर ठिणगी एकसमान क्षेत्रातच पडली पाहिजे. सपाट पट्ट्यांच्या धारदार काठाशी मात्र क्षेत्र अधिक तीव्र होते आणि ठिणगी तेथेच प्रथम पडते. मापन होते ते काठाचे, हवेचे नव्हे. रक्षक वलय येथे कुचकामाचे, कारण त्यालाही काठ असतोच. रोगोव्हस्कीने १९२३ मध्ये मॅक्सवेलचे जुने चित्र पुन्हा हाती घेतले. पट्टीऐवजी त्या चित्रातील एखाद्या समविभव पृष्ठाच्या वळणाप्रमाणेच विद्युतअग्राला आकार दिला तर काय होईल? योग्य पृष्ठ निवडल्यास त्या वळणावर कोठेही क्षेत्र मधल्या भागातील क्षेत्रापेक्षा अधिक होत नाही, असे गणित सांगत होते. अशा वळणाची विद्युतअग्रे आजही उच्चदाब प्रयोगशाळांत त्याच्या नावाने ओळखली जातात. पन्नास वर्षे ग्रंथात पडून असलेले एक शुद्ध गणिती चित्र अशा प्रकारे लेथवर कातले गेले.

८. आधुनिक पर्व

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागणी पालटली. आता काही मिलिमीटरांत नव्हे, तर काही मीटर लांबीत क्षेत्र एकसमान हवे होते. मूलकणांचे मार्ग त्रिमितीत टिपणाऱ्या ‘टाइम प्रोजेक्शन चेंबर’ची कल्पना डेव्हिड नायग्रेन यांनी १९७४ मध्ये बर्कली येथे मांडली. वायूने भरलेल्या मोठ्या दंडगोलात कणाच्या वाटेवर सुटे झालेले इलेक्ट्रॉन एकसमान क्षेत्रात स्थिर वेगाने एका टोकाकडे वाहतात. पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून ते किती दुरून आले हे कळते. येथे पट्ट्यांमधील अंतर पट्ट्यांच्या रुंदीच्या तोडीचे असते. म्हणजे केवळ मोठ्या पट्ट्या घेऊन भागत नाही. म्हणून दंडगोलाच्या भिंतीवर समांतर वाहक पट्टे बसवितात आणि रोधांच्या साखळीने प्रत्येक पट्ट्याला पायरीपायरीने उतरते विभव देतात. क्षेत्र एकसमान असते तर त्या जागी जे विभव असते, तेच भिंतीवर लादले जाते. आतल्या क्षेत्राला जणू कड आहे हे कळतच नाही. केल्व्हिनच्या वलयाचेच हे विस्तारित रूप होय. जिनिव्हाजवळील सर्न येथील ‘ॲलिस’ प्रयोगात मध्यवर्ती विद्युतअग्रास सुमारे १,००,००० व्होल्ट देऊन दोन्ही बाजूंस अडीच मीटरपर्यंत दर सेंटिमीटरला ४०० व्होल्टचे क्षेत्र राखले जाते. मात्र तेथेही वायूत साचणारे धन आयन क्षेत्र किंचित वाकवितात आणि संगणकाद्वारे त्याची दुरुस्ती करावी लागते. हर्ट्झला न दिसलेला शत्रू शतकानंतरही मैदानात आहेच.

या इतिहासाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत न्यूट्रिनो संशोधनासाठी काचेचे ‘रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर’ विकसित करण्यात आले. इटलीतील सांतोनिको व कार्दारेल्ली यांनी १९८१ मध्ये मांडलेल्या या शोधकात दोन सपाट रोधक पट्ट्यांमध्ये साधारण २ मिलिमीटरची वायूची फट असते. विस्तृत पट्टीवर सर्वत्र हे अंतर सारखे राहावे म्हणून मध्ये ठरावीक जाडीची लहान बटणे चिकटवितात. फट कोठे कमीजास्त झाली तर तेथील क्षेत्र बदलते आणि संकेताचा आकारही बदलतो. फ्रँकलिनची खिडकीची काच आणि ही काच यांच्यात अडीचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. परंतु बांधणीचे तत्त्व तेच आहे.

न्यूट्रॉनमध्ये धन व ऋण प्रभारांची केंद्रे किंचित विलग असतात काय, हा प्रश्न पर्सेल आणि रॅम्से यांनी १९५० मध्ये उपस्थित केला. विश्वात द्रव्य उरले आणि प्रतिद्रव्य का उरले नाही, या कोड्याशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. स्वित्झर्लंडमधील पाउल शेरर संस्थेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मंदगती न्यूट्रॉन दर सेंटिमीटरला सुमारे ११,००० व्होल्टच्या क्षेत्रात ठेवण्यात आले. असे विलगीकरण आढळले नाही. मात्र ते असलेच तर किती सूक्ष्म असले पाहिजे, याची मर्यादा आणखी खाली आली. येथे न मिळालेले उत्तरही मोलाचे आहे, आणि हर्ट्झच्या अनुभवानंतर अशा नकारार्थी उत्तरावर विश्वास ठेवण्यापूर्वी क्षेत्र खरोखर तेथे होते याची खातरजमा अटळ ठरते.

९. समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, एकसमान विद्युतक्षेत्र घडविण्याचे मार्ग मोजकेच आहेत : कडेपासून दूर राहणे, जसे मिलिकन यांनी केले, कड अन्यत्र हलविणे, जसे केल्व्हिनने केले, कडेला योग्य वळण देणे, जसे रोगोव्हस्कीने केले, आणि सीमेवर पायरीपायरीने विभव लादणे, जसे आधुनिक शोधकांत करतात. दुसरा असा की, पट्ट्यांच्या भूमितीइतकेच महत्त्व मधल्या जागेतील द्रव्याला आहे. पट्ट्या निर्दोष असूनही वायूमुळे क्षेत्र नाहीसे होऊ शकते. तिसरा निष्कर्ष अध्यापनाशी संबंधित आहे. ‘कडेचा परिणाम दुर्लक्षिला आहे’ हे वाक्य चुकीचे नाही. परंतु किती दुर्लक्षिला आणि का दुर्लक्षिता येतो, हे आकड्यानिशी सांगितले तर विद्यार्थ्याला सूत्राबरोबर त्याची मर्यादाही कळेल. पट्टीची रुंदी आणि मधले अंतर यांचे प्रमाण विचारणारा एक साधा प्रश्न प्रयोगवहीत घालणे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य आहे.

सूत्र कागदावर लिहिणे सोपे असते. सूत्रातील अटी प्रत्यक्षात उतरविणे हे प्रयोगशास्त्राचे खरे कार्य होय. पाठ्यपुस्तकातील त्या सरळ समांतर रेषा निसर्गाने आयत्या दिलेल्या नाहीत. त्या अनेक पिढ्यांच्या कारागिरांनी, गणितज्ञांनी आणि प्रयोगकर्त्यांनी मिळून सरळ केलेल्या आहेत.